चार मिनिटं उशिराची घंटा

जुळे सोलापूर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय इमामसाब,

सप्रेम नमस्कार. फोन का करत नाही म्हणून रागावू नका. कानातलं नवं यंत्र फोन लावला की शिट्टी मारतं, आणि तुम्ही पलीकडून काय बोलता ते साऱ्या सोसायटीला ऐकू जातं, मला सोडून. शिवाय तुम्हाला लिहायची मला जुनी सवय आहे. मी मुख्याध्यापक, तुम्ही शाळेचे शिपाई. तेव्हा तीन मेमो लिहिले होते, आठवतात ना? ‘परीक्षेची घंटा चार मिनिटे उशिरा दिल्याबद्दल खुलासा करावा.’ तिन्ही वेळा तुमचा खुलासा एकच, ‘घड्याळ मागं पडतं साहेब.’ शेवटी आमच्या हृषीकेशलाच तुमची दया आली आणि त्यानं पहिल्या पगारात तुम्हाला नवं घड्याळ घेऊन दिलं. बापाला एक पेनसुद्धा आणलं नाही, तो भाग वेगळा.

आता कामाचं. हृषीकेश आणि सूनबाई बदलीमुळे चंद्रपूरला आहेत. नात इंद्रायणी दहावीला आहे म्हणून माझ्याकडेच ठेवली आहे. शाळेत पालक म्हणून सही माझी चालते. पोरगी बोलायला लागली की थांबत नाही, आणि लिहायला बसली की हलत नाही. सहामाहीत विज्ञानाचा निम्मा पेपर कोरा ठेवून आली. सूनबाईंनी दिवाळीत येऊन तिला सरकारी दवाखान्यात नेलं, चार दिवस तपासण्या केल्या आणि प्रमाणपत्र आणलं. त्यावर लिहिलंय ‘अध्ययन अक्षमता’. म्हणजे डोकं उत्तम, पण अक्षरं वाचायला आणि लिहायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. बोर्डाकडे अर्ज केला तर तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. वर लेखनिकही घेता येतो, म्हणजे ही सांगणार आणि दुसऱ्या मुलानं लिहायचं! अर्जाची शेवटची तारीख पंचवीस. तो मी पंचांगाखाली ठेवला आहे.

इमामसाब, चौतीस वर्षं मी सगळ्यांना सारखी वेळ दिली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे शेकड्यानं पाहिले. घरातच पाहिले. हृषीकेशला शाळेच्या परीक्षांत पासष्टच्या खाली कधी गुण नव्हते, आणि बोर्डात सत्तेचाळीस! बोर्डाच्या वर्षी उनाडक्या केल्या, दुसरं काय. त्यालाही मी सवलत दिली नाही. आता त्याच्या लेकीसाठी मी अर्ज घेऊन गेलो तर लोक म्हणतील, मंद्रूपकर सरांची नात, आणि तिला सवलत लागते.

पोरगी भांडत नाही. रोज संध्याकाळी विचारते, “आजोबा, सही?” मी विचारतो, “अभ्यास?” मग दोघंही जेवायला बसतो. तिला तुमचं ऐकायला आवडतं. तेव्हा पुढच्या रविवारी शेंगाची चटणी घेऊन या आणि तिला तुमच्या पद्धतीनं समजावून सांगा की जादा वेळेवाचूनही मुलं पास होतात.

तुमचा,
चिंतामणी मंद्रूपकर


कुंभारी
१३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सरांना इमामसाबचा सलाम.

माझी बोटं थरथरत्यात, म्हणून मी सांगतोय आणि नात सबा लिहितीय. नववीत हाय. तिला एक खोड हाय. जे बोललं ते सगळं लिहिती. खोकलो तरी लिहिती. दादा खोकले. बघा, लिहिलं.

सर, चटणी आणतो. चांदबीनं कालच कुटलीय, तुमच्यासाटी लसूण कमी घातलाय. पण ते दुसरं काम माझ्यानं हुणार न्हाय. एकतीस वर्सं तुमी सांगितलं ते ऐकलं. आता पेन्शनीत एवढं एक ‘न्हाय’ म्हणू द्या की.

तुमी असं करा. सायन्सचा एक पेपर घ्या. पोरीनं तोंडानं सांगायचं आणि तुमी लिहायचं. तिला किती येतं ते तर बघा. तुमी पोरांचे कागद लई बघितले सर. मी पोरं बघितली, खिडकीतनं. माझी घंटा परीक्षेच्या मोठ्या वर्गाच्या खिडकीलाच टांगलेली हुती ना. आणि त्या घंटेचं म्हणाल तर ते घड्याळ काय मागं... न्हाय, थांब सबा, हे लिहू नको. लिहिलंस? खोड की ही! खोडू नको, सरांना खाडाखोड चालत न्हाय. र्‍हाऊ दे तसंच.

पोरीला दुवा सांगा.

तुमचा,
इमामसाब


जुळे सोलापूर
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय इमामसाब,

चटणी पोचली. तुम्ही काल आलात, दोन तास बसलात, इंद्रायणीला गोष्टी सांगून हसवलंत आणि माझं काम तेवढं सोडून सगळं करून गेलात. असो. तुमचा प्रयोग मात्र तुम्ही येण्याआधी, शनिवारीच करून पाहिला होता. तुमच्यासमोर सांगायला धीर झाला नाही म्हणून लिहितो.

विज्ञानाचा चाळीस गुणांचा पेपर घेतला. मी कागद-पेन घेऊन बसलो, ती खुर्चीत मांडी घालून. पहिलाच प्रश्न, दूरदृष्टिता म्हणजे काय? पोरगी म्हणाली, “लांबचं नीट दिसतं, जवळचं दिसत नाही. आजोबांसारखं. डोळ्याच्या पडद्यावर पडायची ती प्रतिमा पडद्याच्या मागं पडायला बघते. बहिर्गोल भिंगाचा चष्मा लावायचा, की जवळचं दिसायला लागतं.” मी लिहिलं, ‘दूरदृष्टिता हा एक दृष्टिदोष असून त्यामध्ये जवळील वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या पाठीमागे तयार होते.’ आजोबांचा उल्लेख अर्थातच गाळला. असा अख्खा पेपर झाला. दोन तासांचा पेपर तिनं पावणेदोन तासांत सांगून संपवला, आणि मी कडक तपासूनही चाळीसपैकी चौतीस गुण झाले. सहामाहीत याच धड्यांवर पंधरा होते.

मला वाटलं पोरगी खूश होईल. तिनं मी लिहिलेला कागद घेतला, ओळीखाली बोट ठेवून हळूहळू वाचला, अर्धा तास लागला असेल, आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाली, “आजोबा, हे तुमचं आहे. याचे मार्क तुम्हाला पडतील.” आणि उठून गेली. जेवायलाही आली नाही. मला वाईट वाटलं, इमामसाब. मी तिचं चांगलंच करत होतो.

तिला येतं, हे मला पटलं. खोटं कशाला सांगू? पण सहीसाठी हात उचलत नाही. काल पंचांग बाजूला केलं, अर्ज पाहिला, पुन्हा पंचांग ठेवलं. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच असावं.

आणि तुमच्या पत्रात एक वाक्य अर्धं आहे. ‘ते घड्याळ काय मागं’ याच्यापुढे काय? मी शिक्षक आहे. अर्धवट उत्तराला मी गुण देत नाही.

तुमचा,
चिंतामणी मंद्रूपकर


कुंभारी
२० नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

सलाम. हे पत्र मी सबाला दोनदा सांगितलं आणि दोनदा फाडाय लावलं. चांदबी म्हणाली, आता सांगा की एकदाचं, सर काय तुमाला आता मेमो देणार हायत का? म्हणून सांगतो.

ते घड्याळ काय मागं पडत नव्हतं. चांगलं चावीचं घड्याळ, रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर लावत हुतो. घंटा मीच उशिरा देत हुतो.

खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर एक पोरगं बसायचं. बाकीची पोरं पुरवण्या मागायची, आणि ह्याचं पहिलंच पान चाललेलं. आळशी न्हाय सर. जिभेचं टोक दातात धरून लिहायचं, एक शब्द लिहायचं, परत त्याच्यावर बोट फिरवून बघायचं. हिवाळ्यात बी घाम यायचा त्याला. घंटेची येळ झाली की ते पोरगं खिडकीतनं माझ्याकडं बघायचं. काय मागायचं न्हाय. नुसतं बघायचं. माझा हात दोरीला लागला की त्याच्या चेहऱ्यावरचं रगात उतरायचं. मग मी दोरी सोडायचो आणि हितं तितं झाडू मारायचो. चार मिण्टं. त्याच्याहून जास्तीचा मला बी धीर व्हायचा न्हाय, तुमी वर्गावर्गातनं फिरत असायचा.

सगळ्या वर्गाला चार मिण्टं जास्त मिळायची, म्हणून कुणाची तक्रार न्हवती. फक्त तुमची हुती.

ते पोरगं तुमचं हुतं सर. आपला हृषीकेश. पक्षपात हुईल म्हणून तुमी त्याच्या बाकाकडं कधी बघतसुदीक न्हवता. साऱ्या शाळेवर तुमची नजर, आणि तेवढ्या एका बाकावर न्हाय. दिव्याखाली अंधार म्हणत्यात ते उगंच न्हाय. दादा थांबले. दादा म्हणतात पुढं लिही.

बोर्डाची परीक्षा दुसऱ्या शाळेत झाली. तिथली घंटा येळंवर वाजली. म्हणून सत्तेचाळीस. उनाडक्या न्हाय केल्या त्यानं.

घड्याळाचं बी सांगतो. पहिल्या पगाराचं घड्याळ घेऊन हृषीकेश घरी आला तवा म्हणाला, “मामा, हे एकदम बरोबर चालतं. पण तुमी त्याच्यावर चालू नका.” तुमाला वाटलं माझ्यावर दया केली. मी ते घड्याळ आजपर्यंत हातात बांधलं न्हाय. कपाटात हाय, तुमच्या तीन मेमोंच्या वर.

तवा का न्हाय सांगितलं म्हणून विचाराल. तुमी घंटा दुसऱ्याच्या हातात दिली असती, आणि तीच माझी भीती हुती. मेमोचं काय, कागद तो.

तुमच्या घरात आता दुसरं पोरगं खिडकीकडं बघतंय सर. आणि ह्या खेपेला दोरी माझ्या हातात न्हाय. पंचवीस तारीख मंगळवारी हाय.

तुमचा,
इमामसाब

सरआजोबा, मी सबा. मी एवढंच माझ्या मनानं लिहितेय. दादांनी पत्र सांगताना डोळे पुसले, तेही लिहायला हवं होतं, पण मला कुठं लिहायचं ते कळलं नाही.


जुळे सोलापूर
२६ नोव्हेंबर २०२५

प्रिय इमामसाब,

तुमचं पत्र सोमवारी दुपारी आलं. ते चार वेळा वाचलं. मग पंचांग उचललं.

सही केली, तर त्यावर इंद्रायणी म्हणाली, “आजोबा, प्रमाणपत्राची झेरॉक्स कुठाय?” झेरॉक्स नाही, फोटो नाही! पंधरा दिवस अर्ज पंचांगाखाली, आणि त्याला काय काय जोडायचं ते मी वाचलंच नव्हतं. हे मी कुठल्या विद्यार्थ्याला माफ केलं असतं? मंगळवारी दुपारी नवी पेठेत झेरॉक्सवाल्याकडे गेलो तर तिथं लग्नसराईची ही गर्दी, रिक्षा हलेना. शेवटी साडीवाल्यांच्या बोर्डांखालून चालत निघालो, काठी टेकत. शाळेच्या कचेरीची खिडकी पाचला बंद होते. मी पोचलो तेव्हा पाच वाजून सहा मिनिटं झाली होती.

मी आयुष्यात कुठंही उशिरा गेलेलो नाही. कारकून महिपती कुलूप हातात घेऊन उभा होता. माझ्याकडे पाहिलं, माझ्या काठीकडे पाहिलं आणि कुलूप पुन्हा खिशात टाकलं. म्हणाला, “या सर, घड्याळ जरा पुढं आहे आमचं.” तेव्हा मला काय वाटलं ते लिहीत नाही. तुम्ही ओळखाल. सहा मिनिटं, म्हणजे तुमच्यापेक्षा दोन जास्त.

हृषीकेशला पत्र लिहायला बसलो होतो. ‘चिरंजीव हृषीकेश’ याच्यापुढे शब्द सुचेना. मी, ज्यानं निबंधाला शब्दमर्यादा ओलांडल्याबद्दल गुण कापले, तो एका ओळीवर अडलो. पत्र तसंच पडून आहे. लिहीन. मलाही थोडा जादा वेळ लागणार आहे.

आता तुमच्याकडे मागणं. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, आणि जे सांगितलं तेच त्यानं लिहायचं, स्वतःचं काही घालायचं नाही, असा नियम आहे. जवळच्या काळेंच्या क्लासचा नववीतला पहिला नंबर मिळत होता. इंद्रायणीनं एका वाक्यात नकार दिला, “तो आजोबांसारखा सुधारून लिहील.” मग तिनं तुमची पत्रं पुढं ठेवली. हो, मी तिला वाचायला दिली होती. दोन दिवस लावून तिनं सगळी वाचली. म्हणाली, “जी मुलगी खोकला लिहिते, ती मला हवी.”

सबाचा अभ्यास बुडणार नसेल तर कळवा. तिच्या मनाला विचारा. आणि ती काय म्हणाली ते तिलाच लिहू द्या.

तुमचा,
चिंतामणी मंद्रूपकर


कुंभारी
१६ जानेवारी २०२६

आदरणीय सर,

सलाम. काल पोरी गड्ड्याच्या जत्रेतनं आल्या त्या दोघींचे घसे बसलेले. पाळण्यात वरडल्या म्हणे. मी म्हणालो, अगं, एकीनं बोलायचंय आणि एकीनं लिहायचंय, निदान बोलणारीनं तरी घसा जपायचा की. तर तुमची नात म्हणती कशी, “आजोबा, परीक्षा अजून लांब हाय. आता काय, लांबचं मला बी दिसतंय.” तुमच्यावरच गेलीया बघा ती.

एक तक्रार हाय. सबा सांगती, दर रविवारी सराव चालू असताना तुमी दाराबाहेर खुर्ची टाकून बसता, आणि उत्तर चुकलं की खोकता. एकदा खोकला म्हंजे चूक, दोनदा म्हंजे मोठी चूक. तुमाला तर ऐकू येत न्हाय म्हणता! मग दाराआडचं बरं ऐकू येतं? सबानं तुमचे खोकले पेपरात लिहून ठेवलेत. सतरा हायत. हे बोर्डाच्या परीक्षेत चालायचं न्हाय सर. पुढच्या रविवारपासनं तुमी बागेत जाऊन बसा.

सबाची तारीफ करायची राहिली. सबाला लेखनिक म्हणून शाळेनं मंजूर केलं त्या दिवशी चांदबीनं सगळ्या गल्लीत शिरखुर्मा वाटला. ईद न्हाय काय न्हाय. शेजारची निंगव्वा विचारती, पोरगी पास झाली का? चांदबी म्हणाली, न्हाय, दुसऱ्या पोरीला पास करणार हाय. मी म्हणालो तसं न्हाय, ती नुसती लिहिणार हाय. तर चांदबी म्हणाली, ते काय कमी हाय?

तुमचा,
इमामसाब


जुळे सोलापूर
१९ मार्च २०२६

प्रिय इमामआजोबा,

सलाम आणि नमस्कार दोन्ही. मी इंद्रायणी. काल शेवटचा पेपर झाला. हे पत्र मी सांगतेय आणि आजोबा लिहितायत. अट अशी आहे की मी बोलेन तेच लिहायचं. त्यांनी आत्ताच ‘बोलेन’च्या जागी ‘कथन करीन’ लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. आजोबांच्या वहीतली ही पहिली खाडाखोड आहे, जपून ठेवा.

सबानं खूप छान लिहिलं. मी भूगोलात एकदा म्हणाले, “थांब, आठवत नाही,” तर तिनं तेसुद्धा लिहायला घेतलं होतं, मग दोघी हसलो आणि पर्यवेक्षक बाईंनी डोळे वटारले. विज्ञानाच्या पहिल्या पेपरात शेवटचा प्रश्न संपला तेव्हा अकरा मिनिटं उरली होती. इमामआजोबा, माझी आजपर्यंत कधीच मिनिटं उरली नव्हती. काय करायचं ते मला कळेना. आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर एक शिपाईमामा घंटेजवळ उभे होते. मी त्यांच्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं असेल पोरगी वेडी आहे.

मार्क किती पडतील माहीत नाही. पण जे येत होतं ते सगळं कागदावर आहे, आणि माझ्या शब्दांत आहे. दूरदृष्टितेत मी ‘आजोबांसारखं’ म्हणाले आणि सबानं ते लिहिलं. आजोबा इथं म्हणाले, “अगं, बोर्डाच्या पेपरात?” हो. बोर्डाच्या पेपरात.

बाबा काल चंद्रपूरहून आले. आजोबांचं पत्र त्यांना फेब्रुवारीत मिळालं होतं. बाबांनी ते कुणालाच दाखवलं नाही, आईलाही नाही, खिशात ठेवून हिंडतात. काल दारातच बाबा आजोबांना काहीतरी हळू म्हणाले. आजोबांना ऐकू आलं नाही. बाबा पुन्हा म्हणाले, तरी नाही. मग बाबा जोरात ओरडले, “मला राग नाही!” साऱ्या सोसायटीनं ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या शिवूकाकांनी खिडकीतून विचारलं, काय झालं? आजोबा म्हणाले, “काही नाही, निकाल लागला.”

आजोबांनी इथं लिहिणं थांबवलंय. चष्मा काढलाय. मी सांगितलं, तेही लिहा. लिहिलं.

आता माझं संपलं. आजोबा म्हणतायत, खाली त्यांना स्वतःचं थोडं लिहायचं आहे. ते मी वाचायचं नाही असं म्हणाले, पण मी वाचणार आहे. हळूहळू का होईना.

तुमची,
इंद्रायणी


मेमो क्रमांक चार

प्रति, श्री. इमामसाब, घंटेचे माजी प्रमुख.

सन १९९३ ते १९९६ या काळात आपण परीक्षेची घंटा प्रत्येक वेळी चार मिनिटे उशिरा दिल्याचे आपल्याच पत्रावरून सिद्ध झाले आहे. यापूर्वीचे तीनही मेमो या पत्रान्वये रद्द करण्यात येत आहेत. ते आपल्या कपाटातून काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी घड्याळ ठेवू नये. ते हातात बांधावे.

आपण चारच मिनिटे का दिली, पाच का दिली नाहीत, याचा खुलासा येत्या रविवारी समक्ष येऊन करावा. हृषीकेश मंगळवारपर्यंत इथेच आहे. चहा तयार असेल. उशिरा आलात तरी चालेल.

चिंतामणी मंद्रूपकर
माजी मुख्याध्यापक